आजोबांची रायफल : ठेवावी, विकावी की सोडून द्यावी?



घरातील कर्ती व्यक्ती देवाघरी गेली की वाटण्या होतात. जमीन, दागिने, बँकेतील ठेवी यांचा निकाल उशिरा का होईना, लागतो. परंतु एखादी वस्तू अशी असते की तिची वाटणी करता येत नाही आणि ती कोणाला द्यावी हेही सुचत नाही. जुनी लष्करी बनावटीची रायफल ही अशीच एक वस्तू आहे.

समजा, पनवेलजवळच्या एका कुटुंबात अशी रायफल आहे. आजोबांनी रीतसर परवाना काढून ती घेतली होती. तेव्हा रानडुकरे शेतात शिरत, शिकारही चाले. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार बंद झाली. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. रायफल मात्र कपाटात राहिली. आता आजोबा नाहीत. थोरला म्हणतो, "विकून टाकू." मधला म्हणतो, "तिच्या बदल्यात नवे पिस्तूल घेऊ." धाकटा म्हणतो, "आजोबांची आठवण आहे, ठेवू या." बहीण म्हणते, "माझी मुले या घरी येतात, ती येथे नको." यात बरोबर कोण?

आधी कायदा पाहू. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नसतो. परवानाधारक वारला की त्याचे शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाला हवे असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवाना मागायचा असतो. २०१६च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, त्याला हयातीतच वारस नेमता येतो. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि ज्यांच्याकडे तीन होती त्यांना जादा शस्त्र वर्षभरात जमा करण्यास सांगण्यात आले. ".३०३" ही फौजेची जुनी रायफल तर "प्रतिबंधित बोअर"मध्ये मोडते. म्हणूनच आपल्या सरकारी कारखान्यांनी तशाच बांधणीची, पण .३१५ बोअरची रायफल नागरिकांसाठी बनवली. "जुनी आहे, शोभेची आहे" एवढ्याने सुटका होत नाही. दुरुस्ती करूनही जिच्यातून गोळी सुटू शकत नाही, अशाच पुराणवस्तूला कायदा मोकळीक देतो.

कायदा काय करता येते ते सांगतो. काय करावे हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते.

धाकट्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १८७८च्या शस्त्र कायद्याने इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातातील शस्त्र परवान्याखाली आणले आणि युरोपियनांना मात्र सूट दिली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले. ते आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे. परवाना मिळणे म्हणजे सरकारने आपल्यावर विश्वास ठेवणे, असे जुन्या पिढीला वाटे. त्या रायफलीला आजोबा तेल लावत, फडक्याने पुसत, मुलांना हात लावू देत नसत. तिच्यात त्यांची शिस्त आणि त्यांचा मान आहे.

पण आठवण त्या नळीत आहे का? रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत लढताना धारातीर्थी पडले. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या या २२ वर्षांच्या नायकाने एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. गोळ्या संपल्या तेव्हा ते बंदुकीच्या दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या हातातील ती बंदूक आज कोठे आहे, हे कोणी विचारत नाही. तिच्यावाचून त्यांच्या आठवणीत काही उणे पडलेले नाही.

आता थोरल्याचे म्हणणे. विकणे हे पाप नाही. गरजू घराला त्या पैशाचा उपयोग होईल. परंतु विकल्याने जबाबदारी संपते असे नाही, ती दुसऱ्या हातात जाते एवढेच. घेणाऱ्याकडे परवाना आहे का, हे तर पाहायलाच हवे. तो तापट आहे का, त्याच्या घरी भांडणे आहेत का, हे मात्र परवान्यावर लिहिलेले नसते. भाव चांगला आला म्हणून डोळे मिटून देणे आणि जाणून-बुजून द्यायचे नाकारणे यांत मोठे अंतर आहे.

मधल्याच्या अदलाबदलीने प्रश्न सुटत नाही. जुन्या रायफलीला निदान आठवणीचा आधार होता. नव्या पिस्तुलाला कसला आधार? खरा धोका असेल तर स्वतःचे आणि इतरांचे प्राण वाचवणे हा हक्क आहे, तसे ख्रिस्तसभाही मानते. परंतु धोका कोणता आणि कोणापासून, हे नाव घेऊन सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर ती गरज नाही, हौस आहे.

बहिणीचे म्हणणे सर्वांत कमी ऐकले जाते. वास्तविक तेच आधी ऐकायला हवे. घरातली बंदूक क्वचितच चोरासमोर निघते. पण रागाचा एक क्षण, दारूची एक रात्र, परीक्षेत नापास झालेल्या मुलाची निराशा, या गोष्टी कोणत्या घरात येत नाहीत? दोरी आणि विषाच्या वेळी कधी कधी मागे फिरायला अवधी मिळतो. गोळी तो अवधी देत नाही.

गेथशेमनीच्या बागेत पेत्राने तलवार काढली तेव्हा प्रभूने त्याला ती जागच्या जागी ठेवायला सांगितले. ती विक किंवा फेकून दे, असे तेथे म्हटलेले नाही. म्हणून केवळ या प्रसंगावरून आपला निर्णय होणार नाही. पण प्रश्न मात्र नेमका कळतो : या शस्त्राची जागा कोणती?

मोझांबिक देशात १९९२ साली यादवी युद्ध संपले तेव्हा लोकांकडे असंख्य बंदुका उरल्या होत्या. १९९५ साली तेथील ख्रिस्ती परिषदेने अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकाराने एक योजना काढली. बंदूक आणून द्यावी आणि बदल्यात शिलाई मशीन, सायकल किंवा कुदळ न्यावी. जमा झालेल्या बंदुका कापून निकामी केल्या जात आणि त्यांच्या तुकड्यांतून कलाकार शिल्पे घडवत. अशाच तुकड्यांची २००१ साली बनवलेली एक खुर्ची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बंदुकीच्या बदल्यात बंदूक न घेता शिलाई मशीन घेणे, ही खरी अदलाबदल. ते हत्यार पुन्हा कोणाच्याच हाती जात नाही.

तेव्हा अशा घराने स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. आज हिची खरी गरज कोणाला आहे? आणि आपल्यानंतर ही कोणाच्या हाती जाईल? ज्या हातावर आपला पूर्ण विश्वास आहे, तो कोणाचा हे सांगता येत असेल, त्याच्या नावे परवाना असेल, रायफल कुलपात आणि काडतुसे वेगळी राहत असतील, तर ठेवण्यात गैर नाही. तसे नाव सांगता येत नसेल, तर चार पैसे गेले तरी चालतील, ती पोलीस ठाण्यात कायमची जमा करणेच बरे.

आजोबांचा फोटो भिंतीवर लावा. रायफलीचा चामडी पट्टा पेटीत जपा. ते कसे जगले, कोणासाठी राबले, हे मुलांना सांगा. रायफलीने जीव घेता येतो, ही गोष्ट मात्र वारसा म्हणून पुढे द्यायलाच हवी असे नाही. आजोबांनी मुलांना तिला हात लावू दिला नाही. रायफल सोडून देणारा नातूही त्यांचीच शिस्त पाळत असतो.