पडदा वर्गात, गृहपाठ फोनवर

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, तेव्हा करोनाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. कोड स्कॅन केला की दीक्षा ॲपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. बुडालेला तास घरी भरून काढता येतो, न कळलेला भाग पुन्हा ऐकता येतो. ‘सर, परत सांगा’ म्हणायला भर वर्गात लाजणाऱ्या मुलाची ही मोठीच सोय झाली.

पण बऱ्याच शाळांनी ही सोय उलटी वापरायला घेतली आहे. तासाला टीव्हीवर व्हिडिओ लागतो आणि गृहपाठ संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतो. गुरुजी समोर असताना पडदा शिकवतो. मूल वही उघडून अडतं, तेव्हा जवळ कुणी नसतं. (फोन तरी कुठे असतो? तो वडिलांबरोबर कामावर. रात्री घरी आला की आधी दहावीतल्या ताईचा नंबर.)

तिसरीतलं मूल ५२ वजा २७ करतं आणि उत्तर लिहितं ३५. व्हिडिओ त्याला हातच्याची रीत दहा वेळा न कंटाळता सांगेल. पण दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं सातातून दोन वजा केले, हे वही पाहणाऱ्या बाईंच्याच लक्षात येतं. चूक कुठून आली हे कळलं की दुरुस्ती दोन मिनिटांची. न कळलं तर मूल पाचवीतही ३५च लिहीत राहतं.

मोठ्या मुलांचं दुखणं निराळं. ‘असर’च्या २०२४च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६. फोन हाती आला म्हणून अभ्यास होतोच असं नाही, हे घरोघरी ठाऊक आहेच.

माझ्या मते समजावण्याचा काही भाग वरच्या वर्गांत खुशाल व्हिडिओवर सोपवावा आणि वाचलेला वेळ वह्या पाहण्यात घालवावा. पहिली-दुसरीला मात्र पडदा नकोच. पुढच्या पालकसभेत शाळेत टीव्ही किती आले हे विचारू नका. मुलांच्या वह्या कोण तपासतं, कधी तपासतं, ते विचारा.