रांग, किंमत आणि मर्जी

वाचकहो, या खेपेस आम्ही ज्या विषयावर चार शब्द लिहिणार आहोत, तो ऐकून कित्येकांस हसू येईल. विषय आहे मनगटावरच्या घड्याळाचा. आणि तोही साध्यासुध्या घड्याळाचा नव्हे, तर ज्याची किंमत लाखांत आहे आणि पुरे पैसे घेऊन दुकानात गेले तरी जे मिळत नाही, अशा घड्याळाचा. ‘ही श्रीमंतांची हौस, आम्हां माळकऱ्यांना तिचे काय?’ असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हणालो. परंतु आमच्या सख्ख्या भाच्याने स्वतःवर गुदरलेला प्रसंग आम्हांस सांगितला, तेव्हा ध्यानात आले की प्रश्न घड्याळाचा नाहीच. एखादी वस्तू मिळविण्यासाठी माणूस पैशाखेरीज आपल्याजवळचे आणखी काय काय देऊन बसतो, हा प्रश्न आहे; आणि तो आपणां सर्वांचा आहे.

हा भाचा दहा-बारा वर्षे अमेरिकेत नोकरीस आहे. त्याचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, प्राथमिक शाळेत मास्तर होते. त्यांच्या हाती एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ असे. रोज सकाळी अंघोळ झाली की ते त्याला चावी देत, आणि मगच चहाला बसत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला ती घड्याळे निघू लागली, आणि २०१६ साली सरकारने तो कारखाना बंद केला. मेहुणे त्याआधीच गेले. भाच्याची चाळिशी जवळ आली तेव्हा त्याच्या मनात आले, की आपणही जन्मभर वापरता येईल असे एक चांगले चावीचे घड्याळ घ्यावे. येथवर आम्हांस त्यात काही वावगे दिसत नाही.

तो एका नामांकित अधिकृत विक्रेत्याकडे गेला. भाच्याचे घड्याळ कोणत्या छापाचे आणि दुकान कोणते, हे आम्ही सांगणार नाही. कोणाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. काचेच्या कपाटात घड्याळे मांडलेली, पण शेजारी पाटी, ‘केवळ प्रदर्शनासाठी.’ विक्रेत्याने गोड बोलून नाव लिहून घेतले. भाच्याने विचारले, “माझा नंबर कितवा?” तो म्हणाला, “तसा नंबर नसतो.” “मग साधारण केव्हा मिळेल?” “ते सांगता येत नाही. आपण आजवर आमच्याकडून काही घेतलेलं दिसत नाही.”

या शेवटच्या वाक्यात सगळी मेख होती. भाचा हुशार, त्याला ती कळली. त्याने तिथूनच दुसरे एक घड्याळ घेतले, जे त्याला नको होते. बायकोसाठी ब्रेसलेट घेतले. सूनबाई म्हणाली, “अहो, मला हे नको होतं.” हा म्हणाला, “असू दे, कामाचं आहे.” दर महिन्याला दुकानात चक्कर, विक्रेत्याच्या बायकापोरांची विचारपूस, दिवाळीला मिठाईचा पुडा. त्याच्या विनोदांना हसणे. पुढे एकदा ‘येत्या महिन्यात लग्नाचा वाढदिवस आहे, त्या दिवशी हातात असावे असे वाटते’ अशी थापही मारून झाली. लग्नाचा वाढदिवस सहा महिन्यांपूर्वीच होऊन गेला होता.

अडीच वर्षांनी फोन आला. “घड्याळ आलं आहे. उद्या संध्याकाळपर्यंत या, नाहीतर पुढच्याला द्यावं लागेल.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलीच्या शाळेत कार्यक्रम होता. ती पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहणार होती. भाचा दुकानात गेला.

मागल्या उन्हाळ्यात तो घरी आला तेव्हा आम्हांस म्हणाला, “मामा, घड्याळ हातात बांधलं आणि मी त्या माणसाचा हात दोन्ही हातांनी धरला. पैसे मी मोजले, आणि आभारही मीच मानत होतो. गाडीत येऊन बसलो, तेव्हा अण्णा आठवले. ते उभ्या जन्मात कुणासमोर असे वाकले नसतील.”

आता या व्यवहाराचे मूळ पाहू. रोलेक्स हे नाव पुष्कळांनी ऐकले असेल. हान्स विल्सडॉर्फ नावाच्या गृहस्थाने १९०५ साली लंडनमध्ये धंदा मांडला, १९०८ साली हे नाव नोंदविले, आणि पुढे बिऱ्हाड जिनेव्हास हलविले. १९४५ साली त्याने एक न्यास स्थापला, आणि १९६० साली त्याच्या मृत्यूनंतर कंपनीची मालकी त्या न्यासाकडेच आहे. या कंपनीची आज सर्वांत जास्त मागणी असलेली घड्याळे मुळात कामकरी माणसांची हत्यारे होती. १९५३ चे ‘सबमरीनर’ पाणबुड्यांसाठी, १९५५ चे ‘जीएमटी-मास्टर’ वैमानिकांसाठी, १९६३ चे ‘डेटोना’ मोटारींच्या शर्यती करणाऱ्यांसाठी. कंपनी वर्षाला दहा लाखांच्या आसपास घड्याळे काढते असा जाणकारांचा अंदाज आहे. दहा लाख हा आकडा काही दुर्मीळ वस्तूचा नव्हे. तरीही हव्या त्या नमुन्यासाठी लोक वर्षानुवर्षे ताटकळतात. टंचाई हे आमचे धोरण नव्हे, दर्जा राखून मागणीइतका माल काढता येत नाही, असे कंपनीने २०२१ साली जाहीरपणे सांगितले, आणि नंतर स्वित्झर्लंडात ब्यूल येथे नवा मोठा कारखाना उभारण्याचे ठरविले. तिच्या बोलण्यावर अविश्वास दाखविण्याचे आम्हांस कारण नाही.

पण गंमत अशी की, वस्तू कमी आणि घेणारे फार, अशी स्थिती असूनही दुकानातली किंमत त्या मानाने वाढत नाही. बाहेरच्या बाजारात मात्र तीच वस्तू चढ्या भावाने जाते. २०२२ च्या आरंभी पोलादी ‘डेटोना’ बाहेर दुकानाच्या दुपटीहून जास्त किमतीला विकले जात होते. त्याच वर्षी पुढे भाव उतरले. पाटेक फिलिप या जुन्या कंपनीच्या ‘नॉटिलस’चा एक नमुना दुकानात सुमारे ५२ हजार डॉलरांचा, डिसेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्यातला एक नग सुमारे ६५ लाख डॉलरांना गेला. ती रक्कम निसर्गरक्षणाच्या कामास दिली गेली, ही चांगली गोष्ट. पण त्या एका लिलावाने किती जणांच्या मनात आग पेटविली असेल, त्याचा हिशेब कोण मांडणार?

म्हणजे विक्रेत्याच्या गल्ल्यामागे जी वस्तू आहे, ती ज्याला मिळेल त्याला बाहेर नफा उभा आहे. ती कोणाला द्यायची, हे तो ठरवितो. म्हणून तो गिऱ्हाईक पारखतो. हा माणूस घड्याळ वापरील की उद्याच विकील? हा आपल्याकडून आणखी काही घेईल काय? विक्रेत्यालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. त्यालाही माल कंपनीच्या वाटपानेच मिळतो. तोही वरच्या दारात हात जोडूनच उभा आहे.

येथे एक सिद्धांत ध्यानात घेण्यासारखा आहे. थोडी वस्तू पुष्कळांत वाटायची म्हटले, तर मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला किमतीचा: जो जास्त देईल त्याने न्यावी. हा मार्ग गरिबाला कठोर आहे, पण तो उघड आहे. घेणाऱ्यास आपण का मागे राहिलो हे कळते. दुसरा रांगेचा: जो आधी आला त्याला आधी. हा मार्ग संथ आहे, पण त्यात लहानमोठा नाही. तिसरा मर्जीचा: देणाऱ्याच्या मनात येईल त्याला. हा मार्ग दिसायला सर्वांत सभ्य; त्यात भांडण नाही, धक्काबुक्की नाही, सगळे हसतमुख. पण माणसाला आतून पोखरणारा मार्ग हाच. किमतीच्या मार्गात आपण पैसा गमावतो, रांगेच्या मार्गात वेळ गमावतो, मर्जीच्या मार्गात स्वाभिमान गमावतो. आणि घड्याळाच्या या व्यवहारात मर्जीला रांगेचे नाव दिलेले असते, हा त्यातला खरा अन्याय. ज्या यादीत नंबर नाही, ती यादी रांग नव्हे.

रांग म्हणजे काय, हे वारकऱ्यांना कोणी शिकवायला नको. आषाढीला दर्शनबारीत पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उभे राहणारी माणसे आपण पाहतो. पाय सुजतात, पाऊस अंगावर घेतात, पण पुढच्याच्या पाठीकडे पाहून मनाला धीर असतो, की हा सरकला की मी सरकणार. तेथे कोणी वशिल्याने मध्येच घुसला तर जो संताप होतो, तो आपली दहा मिनिटे गेली म्हणून नव्हे; क्रम मोडला म्हणून. उभे राहण्यात कमीपणा नाही. आपल्यापुढे किती आहेत, हे लपविण्यात आहे.

कोणी म्हणेल, ‘हे सगळे परदेशातले.’ तसे नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे दिवस ज्यांना आठवतात, त्यांनी पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावल्याचे आठवून पाहावे. किती गाड्या काढायच्या, यावर सरकारी परवान्याचे बंधन; म्हणून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट पाहावी लागे. पोराच्या जन्माच्या वेळी नंबर लावला आणि पोर शाळेत गेल्यावर गाडी आली, असे लोक हसत सांगत. तेथेही वरचे पैसे देऊन गाडी लवकर मिळविणारे होतेच. पण ज्याने नंबर लावला, त्याला निदान आपला नंबर ठाऊक होता. त्यासाठी दुकानदाराच्या बायकोची तब्येत विचारावी लागत नसे. आणि मर्जीची सवय आपल्याकडे नाही, असे तरी कोणी म्हणावे? शाळेतला प्रवेश, दवाखान्यातली खाट, कचेरीतला दाखला, कुठेही जा, ‘साहेब, जरा बघा ना’ हे शब्द आपल्या जिभेवर तयारच असतात. फरक एवढाच, की खाटेसाठी आर्जव करणाऱ्यास दुसरा इलाज नसतो. घड्याळासाठी आर्जव करणाऱ्यास असतो. म्हणून पहिल्याची कीव येते, आणि दुसऱ्याने विचार करावा असे वाटते.

येथे एक शंका निघते. ‘वस्तू सुंदर आहे, कारागिरी उत्तम आहे, ती हवीशी वाटली तर त्यात पाप कसले?’ समाधान असे, की सुंदर वस्तू आवडण्यात पाप नाही. चांगल्या विणीचे उपरणे, चांगल्या सुराचा तंबोरा कोणाला आवडत नाही? पण आपल्या आवडीची परीक्षा करावी. उद्या तीच घड्याळे गावोगावच्या दुकानांत ढिगाने मिळू लागली, तर ही तळमळ राहील काय? राहील, तर ती आवड. राहणार नसेल, तर आपणांस वस्तू नको होती. जी दुसऱ्यांस मिळत नाही ती आपणांस मिळाली, हे सुख हवे होते. वेळ समजण्यासाठी तर एवढ्या खटाटोपाची गरजच नाही. १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सेको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस काढले, तेव्हाच हा प्रश्न मिटला. आज काही शे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी पंधरा-वीस सेकंद चुकते. रोलेक्स आपल्या घड्याळांबद्दल जी हमी देते, ती दिवसाला दोन सेकंद मागे किंवा पुढे अशी आहे.

मग ज्याला खरोखर आवड आहे त्याने काय करावे? आमच्या अल्पमतीप्रमाणे त्याने चार गोष्टी पाळाव्यात. एक, विक्रेत्याशी खोटे बोलू नये. नसलेला वाढदिवस काढू नये. दोन, हव्या त्या वस्तूसाठी नको ती वस्तू घेऊ नये. तीन, नफ्यासाठी विकायचे असेल तर आवडीचे सोंग घेऊन ते मागू नये. कारण असा एक जण घेऊन गेला, की पुढच्या दहा जणांकडे संशयाने पाहिले जाते. चार, वाट किती दिवस पाहायची याची मर्यादा आपली आपण आधी घालावी, आणि ती भरली की मन मोकळे करून दुसरीकडे वळावे. विक्रेत्यांनाही आमचे सांगणे आहे, की देणार असाल तर क्रम सांगा, देणार नसाल तर नाही म्हणा. ‘नाही’ या शब्दाने गिऱ्हाईक एक दिवस नाराज होते. ‘बघू’ या शब्दाने ते अडीच वर्षे मिंधे होते.

भाचा परत जाण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमची आक्का ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. तिने त्याच्या मनगटाकडे पाहून विचारले, “वेळ बरोबर दाखवतं का रे?” तो म्हणाला, “दिवसाला दोन-चार सेकंद इकडेतिकडे होतं.” आक्का म्हणाली, “अण्णांचं मिनिटभर पुढं जायचं. शाळेत लवकर पोचायचे बिचारे.” भाचा काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून त्याने पेटीतले ते जुने घड्याळ मागून घेतले, चावी दिली आणि कानाशी धरले. चालत होते. दोन्ही घड्याळे तो घेऊन गेला. कोणते हातात बांधतो, हे आम्ही विचारले नाही. मुलीच्या शाळेचा यंदाचा कार्यक्रम कोणत्या तारखेला आहे, एवढे मात्र विचारले, आणि त्याने ती तारीख न अडखळता सांगितली.