विकत घेतलेली संमति

दिलेला शब्द मोडणें हें पाप आहे, याविषयीं फारसा वाद कोणी घालीत नाहीं. पण शब्द अक्षरशः पाळून, किंबहुना दर वेळीं समोरच्याची रीतसर सही घेऊन, त्याचें सर्वस्व हरण करतां येतें काय? आणि येत असल्यास त्या सहीला संमति म्हणावयाचें काय? अमेरिकेच्या आरंभींच्या इतिहासाचीं कांहीं पानें चाळतांना हा प्रश्न आम्हांस पडला, आणि तो अद्याप आमची पाठ सोडीत नाहीं. तेथील मूळच्या रहिवाशांची भूमि गोऱ्या वसाहतवाल्यांनीं बळानें हिसकावली, अशी आपल्याकडील सुशिक्षितांची ढोबळ समजूत असते. ती खोटी नव्हे. पण अपुरी आहे. त्या देशाच्या आग्नेय भागांतील क्रीक व चिकसॉ या दोन राष्ट्रांची भूमि बव्हंशीं तहनाम्यांनीं गेली, आणि त्या तहनाम्यांच्या तळाशीं सह्या आहेत.

१७८३ सालीं इंग्लंडशीं तह होऊन संयुक्त संस्थानांचें स्वातंत्र्य मान्य झालें, तेव्हां त्यांची तिजोरी रिकामी होती व फौज नांवापुरती होती. दक्षिणेस फ्लॉरिडांत आणि पश्चिमेस मिसिसिपीपलीकडे स्पेन ठाण मांडून बसलेलें. मध्यें जीं राष्ट्रें होतीं त्यांची मर्जी राखणें भाग होतें. १० जानेवारी १७८६ रोजीं दक्षिण कॅरोलिनांत होपवेल येथें चिकसॉ लोकांशीं तह झाला. त्यांच्या बाजूनें सही करणारांत पियोमिंगो हा प्रमुख होता. तहांत चिकसॉ प्रदेशाच्या सीमा लिहून दिल्या, आणि भूमि म्हणून मागून घेतलें काय, तर टेनेसी नदीवर मसल शोल्सनजीक वखारीसाठीं पांच मैल व्यासाचें एक वर्तुळ! त्याच्या जोडीला त्यांच्या व्यापाराचें नियमन करण्याचा हक्क अमेरिकेनें आपणाकडे घेतला. हें कलम त्या वेळीं निरुपद्रवी वाटलें असेल. पुढें तें त्या वर्तुळापेक्षां कितीतरी महाग पडलें.

तीन वर्षांनीं, १७८९ सालीं, युद्धमंत्री हेन्री नॉक्स यानें अध्यक्ष वॉशिंग्टन यांस कळविलें कीं, हे लोक या भूमीचे आधींचे धनी आहेत. त्यांची संमति, अथवा न्याय्य युद्धांतील जय, यांखेरीज ती त्यांच्याकडून घेतां यावयाची नाहीं. दुबळेपणीं सुचलेलें तत्त्व म्हणून कोणी यास हंसेल. आम्ही हंसत नाहीं. तत्त्व कोणत्या अडचणींत सुचलें यावरून तें खरें कीं खोटें हें ठरत नसतें. मौज आहे ती पुढेंच. हें तत्त्व अमेरिकेनें उघडपणें कधीं टाकून दिलें नाहीं. तिनें संमति मिळविण्याची कला तेवढी शिकून घेतली.

तिचा पहिला धडा ७ ऑगस्ट १७९० च्या न्यूयॉर्क येथील तहांत दिसतो. क्रीक राष्ट्राचा पुढारी अलेक्झांडर मॅक्‌गिलिव्हरे हा स्कॉटिश व्यापाऱ्याचा व क्रीक मातेचा पुत्र. क्रांतियुद्धांत राजपक्ष धरल्याबद्दल त्याच्या बापाची मिळकत जॉर्जिया संस्थानानें जप्त केली होती. तेव्हां त्याचें जॉर्जियाशीं वांकडें असल्यास नवल नाहीं. त्यास व त्याच्याबरोबरच्या नायकांस मोठ्या इतमामानें राजधानींत आणण्यांत आलें. तह झाला, कांहीं भूमि जॉर्जियाकडे गेली, उरलेल्या भूमीची हमी मिळाली. पण तहास गुप्त कलमेंहि होतीं, आणि त्यांपैकीं एकान्वयें मॅक्‌गिलिव्हरे यास ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा व सालीना १,२०० डॉलर वेतन ठरलें. त्याला केवळ लांचखाऊ म्हणणें सोपें आहे. तो स्पेनकडूनहि वेतन घेत असे, आणि १७९२ सालीं पुनः स्पेनकडेच वळला. दोन बलाढ्यांच्या कचाट्यांत सांपडलेल्या राष्ट्राचा मुत्सद्दी याहून वेगळें काय करता, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. त्याचा स्वार्थ व राष्ट्राचें हित हीं बरेच दिवस एका वाटेनें चाललीं, इतकें खरें. परंतु जें वेतन त्याच्या राष्ट्रापासून लपवून ठेवावें लागलें, तें कोणत्या सेवेबद्दल होतें?

दुसरा धडा अधिक सूक्ष्म आहे. २७ फेब्रुवारी १८०३ रोजीं अध्यक्ष जेफरसन यांनीं विल्यम हेन्री हॅरिसन यास एक खासगी पत्र लिहिलें. त्याचा आशय असा कीं, सरकारी वखारी वाढवाव्या आणि या लोकांतील वजनदार माणसें कर्जांत बुडालेलीं पाहून आपणांस आनंदच व्हावा. कारण कर्ज फेडण्यापलीकडे गेलें म्हणजे तीं भूमि तोडून देण्यास आपण होऊन तयार होतात. माणसाच्या समान हक्कांचा जाहीरनामा ज्या लेखणीनें लिहिला, तिनेंच हें लिहिलें. दोनच वर्षांनीं, २३ जुलै १८०५ रोजीं, चिकसॉ लोकांनीं टेनेसी नदीकडील विस्तीर्ण प्रदेश २०,००० डॉलरांस दिला. ती रक्कम राष्ट्राच्या उपयोगासाठीं व व्यापाऱ्यांचें देणें भागविण्यासाठीं असल्याचें तहांतच नमूद आहे. त्याच तहानें जॉर्ज कोलबर्ट व दुसरा एक नायक यांस प्रत्येकीं १,००० डॉलर मिळाले.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाहीं. कापड, बंदुका, दारूगोळा उधारीवर घ्या असा जुलूम कोणी केला होता? सज्ञान माणसानें समजून उमजून केलेलें कर्ज त्यानें फेडलें पाहिजे. सावकाराच्या मनांत काय होतें याची उठाठेव कशाला? खरें आहे, केवळ सावकार लोभी म्हणून ऋण खोटें ठरत नाहीं. पण येथें सावकार, शेजारी आणि संरक्षक हीं तिन्हीं सोंगें एकाच माणसाचीं होतीं. कांट या जर्मन तत्त्वज्ञानें १७९५ च्या आपल्या शांतिविषयक निबंधांत एक कसोटी सांगितली आहे: दुसऱ्याच्या हक्काशीं संबंध असलेलें जें धोरण उघड बोलून दाखवितां येत नाहीं, तें अन्याय्य होय. जेफरसन यांचें पत्र होपवेलच्या सभेंत दुभाष्याकडून वाचून दाखविलें असतें, तर सही झाली असती काय? झाली नसती, असें वाटत असेल तर जी मिळाली ती संमति नव्हे.

तिसरी गोष्ट अधिकाराची. क्रीक राष्ट्राच्या सभेनें परवानगीवांचून भूमि विकणारास देहांत शिक्षा ठरविली होती, आणि त्या कायद्यास विल्यम मॅकिंटॉश या नायकाचा स्वतःचा पाठिंबा होता. त्याच मॅकिंटॉशनें १२ फेब्रुवारी १८२५ रोजीं इंडियन स्प्रिंग्ज येथें, बहुसंख्य गांवांचा विरोध असतां, जॉर्जियांतील उरलीसुरली भूमि लिहून दिली. त्याच्या खासगी जागेबद्दल त्यास निराळे २५,००० डॉलर ठरले. येथें आम्हांस द्यूतसभेंतील द्रौपदीचा प्रश्न आठवतो. जो आधीं स्वतःस हरला, त्यास दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार कोठला? भीष्मासहि त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. क्रीक लोकांनीं मात्र दिलें: ३० एप्रिल रोजीं मेनावा याच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं मॅकिंटॉशच्या घरास वेढा घालून त्यास ठार केलें. शिक्षा क्रूर होती हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती त्यास ठाऊक असलेल्या कायद्याची होती. अध्यक्ष ॲडम्स यांच्या सरकारनेंहि पुढें तो तह सदोष मानला, आणि १८२६ सालीं नवा करून जुना रद्द केला. एवढ्यानें भूमि वांचली असें मात्र नाहीं. थोडी अधिक किंमत पदरांत पडली, आणि दोन वर्षांच्या आंत जॉर्जियांतील सारा प्रदेश गेलाच.

पुढचा इतिहास भराभर घडला. १८३२ सालीं दोन्ही राष्ट्रांशीं अखेरचे मोठे तह झाले; १८३६ सालीं क्रीक लोकांस फौजेच्या पहाऱ्यांत, व पुढल्या वर्षापासून चिकसॉ लोकांस, मिसिसिपीपलीकडे जावें लागलें. तेथेंहि नवीन भूमि व नवीन हमी देण्यांत आली.

त्या हमीचा निकाल लागण्यास फार काळ गेला. ९ जुलै २०२० रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ओक्लाहोमांतील एका फौजदारी खटल्यांत पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, काँग्रेसनें स्पष्ट शब्दांनीं मोडलेली नसल्यामुळें क्रीक राष्ट्राची राखीव भूमि कायद्यानें अद्याप राखीवच आहे. शंभराहून अधिक वर्षांचा व्यवहार निराळा होता, हा अल्पमतवाल्यांचा युक्तिवाद बहुमतानें मानला नाहीं. पुढल्या वर्षीं तेथील फौजदारी अपील न्यायालयानें तेंच तत्त्व चिकसॉ भूमीस लावलें. २०२२ सालीं मात्र सर्वोच्च न्यायालयानें, पुनः पांच विरुद्ध चार मतांनींच, अशा भूमीवर मूळ रहिवाशांविरुद्ध इतरांनीं केलेल्या गुन्ह्यांचे खटले चालविण्याचा अधिकार संस्थानासहि असल्याचें ठरविलें. त्या निकालास विरोध करणारा एक न्यायाधीश दोन वर्षांपूर्वींच्या निकालाचा लेखक होता.