नट, संहिता आणि मूळ ग्रंथ

एखाद्या ग्रंथावरून बेतलेल्या नाटकात वा चित्रपटात भूमिका करणाऱ्या नटाने तो मूळ ग्रंथ आधी वाचलाच पाहिजे काय? हा प्रश्न रंगभूमीवरील मंडळींचा आहे, धर्मगुरूंनी त्यात तोंड घालू नये, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या धर्मग्रामात दरवर्षी प्रायश्चित्तकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य उभे राहते, तेथे हा प्रश्न धर्मगुरूच्या दारात येतोच. आमच्याही दारात तो आला आणि आम्ही त्याला नीट उत्तर दिले नाही.

वाचण्याची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत तिसऱ्या भागापासून डंबलडोर या वृद्ध आचार्यांची भूमिका करणारे मायकल गॅम्बन (ते २०२३ साली निवर्तले) यांनी त्या कादंबऱ्या आपण वाचल्या नसल्याचे मोकळेपणाने सांगितले होते. आपल्याला पटकथा वठवायची आहे, कादंबरी नव्हे, असा त्यांचा रोख होता. पटकथेत जे नाही ते मनात घेऊन उभा राहिलेला नट दिग्दर्शकाला अडचणीचाच होतो. याची दुसरी बाजू आम्हांला धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी सांगितली. (त्या जादूच्या गोष्टी मुलांनी वाचाव्यात की नाही, यावर पालकांशी आमचा वाद झालेला आहे; तो येथे नको.) चौथ्या कादंबरीत डंबलडोर हॅरीला एक प्रश्न शांतपणे विचारतात, असे लेखिकेने स्पष्ट लिहिले आहे. २००५ च्या चित्रपटात ते धावत येऊन त्याला धरतात आणि तोच प्रश्न जवळजवळ ओरडून विचारतात. वाचकांना याची अजून रुखरुख आहे. पण बिघडले काय? एका काल्पनिक आचार्यांची प्रकृती थोडी बदलली, एवढेच.

पिएर पावलो पासोलिनी यांच्या १९६४ च्या चित्रपटाचे उदाहरण आणखी विचारात पाडणारे आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील त्या चित्रपटात प्रभू येशूची भूमिका एन्रिके इराझोकी या एकोणीस वर्षांच्या स्पॅनिश विद्यार्थ्याने केली. तो नट नव्हता, श्रद्धावंतही नव्हता. दिग्दर्शकही मार्क्सवादी आणि नास्तिक. तरी तो चित्रपट तेविसावे पोप योहान यांच्या स्मृतीस अर्पण झाला आणि व्हॅटिकनने १९९५ साली निवडलेल्या चित्रपटांच्या यादीत त्याला स्थान मिळाले. मात्र तेथील संवाद थेट मत्तयचे आहेत. ज्याची संहिता हाच मूळ ग्रंथ, त्या नटाला वेगळे वाचन कशाला हवे? आमच्या धर्मग्रामांतील संहिता तशा नसतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात होतो, तेथील संहिता हस्तलिखितावरून टंकलिखित आणि टंकलिखितावरून झेरॉक्स होत आलेली होती. प्रत्येक पिढीने तिच्यात भर घातली होती. यहूदाच्या प्रवेशाला टाळ्या पडत. तो पैशांची थैली खुळखुळवीत विकट हसतो, देवाला शिव्या घालतो आणि फास घेतो, असा तो प्रवेश. त्या वर्षी ही भूमिका बँकेत कारकून असलेल्या एका तरुणाकडे होती. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी तो बायबल हातात घेऊनच आला. म्हणाला, “फादर, मत्तयने लिहिलंय की यहूदाला पस्तावा झाला. त्याने तीस नाणी महायाजकांना परत दिली, आपण निर्दोष माणसाला धरून दिलं असं कबूल केलं. आपल्या संहितेत हे नाहीच. मग मी हसू कसा?”

मंडप उभा होता. दिवे आणि ध्वनिक्षेपक भाड्याने आणलेले होते. आम्ही म्हणालो, “बाळा, यंदा आहे तसंच कर. पुढच्या वर्षी पाहू.” त्याने आहे तसेच केले. टाळ्या पडल्या. नंतर कित्येक दिवस गल्लीतील मुले त्याला यहूदा म्हणून हाक मारीत होती.

त्या रात्री आम्ही मत्तयचा सत्ताविसावा अध्याय उघडला. आम्हांला तो भाग ठाऊक नव्हता असे नाही. सेमिनरीत त्यावर निबंध लिहिला होता. पण झावळ्यांच्या रविवारी मत्तयचे दुःखसहन तीन वर्षांतून एकदा येते, आणि ऊन वाढते म्हणून आम्ही बहुधा संक्षिप्त वाचन घेत आलो होतो. संक्षिप्त वाचन यहूदाच्या पश्चात्तापानंतरच सुरू होते. म्हणजे संहितेतून जे गळले होते, ते आमच्या वेदीवरूनही गळले होते. लोकांनी ते ऐकावे तरी कोठे?

काल्पनिक पात्राची बदनामी होत नाही. जो मनुष्य खरोखर जगला आणि ज्याच्याविषयी प्रेक्षक घरी जाऊन निवाडा करणार, त्याची गोष्ट वेगळी. खोटी साक्ष देऊ नये ही आठवी आज्ञा मृतांना वगळून दिलेली नाही, आणि द्रोह्यांना वगळूनही नाही. म्हणून अशा भूमिकेसाठी मूळ ग्रंथ वाचणे हे केवळ कलेचे कौशल्य नसून नटाचे कर्तव्य आहे, असे आमचे मत झाले आहे. संहिता देणाऱ्याचे तर ते आधी आहे.

परंतु नुसते वाचूनही भागत नाही. मूळ ग्रंथ एक असता तर बरे होते! योहान यहूदाला थैलीतील पैसे चोरणारा म्हणतो. आमच्या संहितेची थैली तेथून आली असावी. कुंभाराचे शेत महायाजकांनी घेतले असे मत्तय सांगतो, तर प्रेषितांच्या कृत्यांत ती जमीन यहूदानेच घेतल्याचे येते. शिवाय पिलातासमोर जमाव जे ओरडतो ते मत्तयमध्येच आहे, आणि त्याच शब्दांचा आधार घेऊन ख्रिस्ती समाजाने शतकानुशतके ज्यूंचा छळ केला. जर्मनीतील ओबरअमरगाऊ गावी १६३४ पासून दुःखसहनाचे नाट्य होते. १९३४ साली त्याच्या त्रिशतकी प्रयोगाला हिटलर येऊन बसला होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिकवले की प्रभूच्या मरणाचा दोष त्या काळच्या सर्व ज्यूंवर वा आजच्या ज्यूंवर सरसकट लादता येत नाही. १९९० पासून तेथील दिग्दर्शन सांभाळणारे ख्रिस्तियान श्ट्यूकल यांनी संहितेतील ज्यूद्वेष काढण्यासाठी पुष्कळ झगडा केला. तेथे प्रमुख भूमिका करणाऱ्यांना पवित्र भूमीची यात्रा घडवतात. २०२२ च्या प्रयोगांत यहूदा साकारणाऱ्यांपैकी एक मुस्लीम तरुण होता. त्याने काय वाचले असेल, हे जाणून घ्यायला आम्हांला आवडले असते.

पुढच्या वर्षी आम्ही संहितेच्या आधी सर्वांना चारही शुभवर्तमानांतील दुःखसहनाचे अध्याय वाटले. तालमी लांबल्या. पिलात होणाऱ्या शिक्षकांनी इतक्या शंका काढल्या की दोन बैठका त्यातच गेल्या. आमच्या कारकून मित्राने तीस नाणी मंदिराच्या फरशीवर टाकली आणि मागे न पाहता तो निघून गेला. फाशी दाखवली नाही. या खेपेला टाळ्या पडल्या नाहीत, आणि काही ज्येष्ठांनी प्रयोग फिका झाल्याची तक्रार केली. जमावाच्या त्या ओळीचे काय करायचे, ते मात्र तेव्हाही ठरले नाही. ती गाळावी तर शुभवर्तमान कापल्यासारखे होते आणि ठेवावी तर समजावून सांगायला व्यासपीठावर कोणी उभे नसते. जमावातील एका मुलीने ती म्हणायला नकार दिला आणि आम्ही तिला आग्रह केला नाही. बाकीच्यांनी ती म्हटली.