आतली यादी

हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर हे कापसाचं गाव. तिथल्या एका जिनिंगमध्ये स्वतःचा मेल सर्व्हर होता. रुईच्या गाठींचे भाव आणि नमुन्यांचे रिपोर्ट कोइम्बतूरच्या सूतगिरण्यांना मेलनेच जायचे. ऐन सीझनात मालकांनी इंटरनेटची कंपनी बदलली आणि मेल जाणं बंद झालं.

सर्व्हर सांभाळणारा पोरगा भिडला. केबल बदलली, राउटर बदलला, फायरवॉलचे नियम चाळून काढले. मेल पाठवणाऱ्या पोस्टफिक्स या प्रोग्रामच्या लॉगमध्ये ओळ एकच: नाव सापडलं नाही, पुन्हा प्रयत्न. पण त्याच मशीनवर त्याने स्वतः सूतगिरणीचं डोमेन विचारलं, की आयपी पत्ता लगेच मिळायचा. पोस्टफिक्स बंद करून चालू करावं, तर रांगेतली मेल उडेल ही धास्ती. शेवटी त्याने ठरवलं, सर्व्हरच खराब झाला. सगळं पुसून नव्याने टाकायचं.

वजनकाट्याजवळ टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे बसायचे.

"काय झालं रे बाबू?"

"काकाजी, नाव मले सापडते, पण मेलले सापडत नाही."

"मंग तू कोणाले विचारतं, अन् तो कोणाले विचारते?"

पोरगा गप्प. म्हातारे सांगू लागले. एकाच नावाची गावं जागोजागी, त्यात पत्रं भरकटायची. म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली पिन कोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. "४४२ म्हटलं का थैली वर्धा-चंद्रपूरकडं. एकदा यादी दुरुस्त होऊन आली. बाहेर भिंतीवर नवी लागली, आतल्या खोलीत सॉर्टरजवळ जुनीच. आमी सारे भिंतीवरची पाहू अन् म्हणू, यादी तं बराबर हाये! पत्रं आतल्या यादीवरून जात होते ना बाप्पा."

पोरगा उठला तो थेट सर्व्हरवर. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या बऱ्याच आवृत्त्यांवर पोस्टफिक्सचे बरेच भाग सुरक्षेसाठी बंद कप्प्यात चालतात. नाव कोणाला विचारायचं हे सांगणारी रिझॉल्व्ह.कॉन्फ ही फाइल त्यांना बाहेरची दिसत नाही. पोस्टफिक्स सुरू होताना तिची जी प्रत कप्प्यात घेतली जाते, तीच ते वाचतात. या सर्व्हरवर बाहेरची फाइल नवी होती. आतल्या प्रतीत जुन्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता होता, आणि तो परक्या ग्राहकाला उत्तरच देत नव्हता.

बाहेरून बरोबर दिसतंय म्हणून आतही बरोबर असेल, हे पोराने धरून चालायला नको होतं. ज्याचं काम अडलंय, त्याच्या जागी जाऊन बघितल्याशिवाय बिघाड सापडत नाही, आणि बिघाड सापडण्याआधी पुसलं की चांगलंही जातं.

त्याने पोस्टफिक्स बंद करून चालू केलं. नवी प्रत कप्प्यात आली. रांग डिस्कवरच असते, त्यामुळे एकही मेल उडाली नाही. अशी अडलेली मेल पोस्टफिक्स मुळात ठरवून दिलेल्या वेळेप्रमाणे ५ दिवस पुन्हा पुन्हा पाठवून पाहतं, मगच परत करतं. ती मुदत अजून उलटली नव्हती. मशीन पुसलं असतं, तर भाव आणि रिपोर्ट त्याच्याबरोबर गेले असते.

तुमच्याकडेही असा सर्व्हर असेल, तर डीएनएस बदलल्यावर बाहेरची फाइल आणि कप्प्यातली प्रत एकदा शेजारी ठेवून वाचा.