कब्जा कोणाचा?



भंडाऱ्यात वडिलोपार्जित घराच्या एक-दोन खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. घरातील कर्ता पुरुष गेला की तेच भाडे विधवा मातेचा आधार बनते. मग एखाद्या महिन्यापासून भाडे थकते आणि चौकशी करता कळते की, मूळ भाडेकरू केव्हाच निघून गेला असून, न विचारता त्याने आपला नातलग तेथे बसविला आहे. मुलगा संतापतो, नळ तोडण्याची, सामान रस्त्यावर फेकण्याची भाषा करतो. त्याने आधी एवढे पाहावे : समोरचा माणूस असमर्थ आहे, टाळाटाळ करणारा आहे की कब्जा करणारा?

असमर्थ असेल, तर सूरह अल-बकराच्या 280व्या आयतीत सवड देण्याचा आदेश आहे, आणि येणे सोडून देणे त्याहून श्रेयस्कर म्हटले आहे. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीमुळे राज्याच्या गृहनिर्माण विभागाने किमान तीन महिने भाडेवसुली लांबविण्याची सूचना केली. ऑगस्टअखेर वैनगंगेचा पूर आपल्या शहरात शिरला. शासनाची सूचना त्या संकटापुरती होती. कुरआनचा आदेश सदैवचा आहे. मात्र भाडे मातेचे असेल, तर माफीचा अधिकारही तिचाच; मुलाने परस्पर उदार होऊ नये.

ऐपत असून देणे लांबविणाऱ्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अन्यायी ठरविले आहे. वीतभर जमीन बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचे जोखड पडेल, असा इशारा बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. हनफी फुकहांनी बळकावलेल्या जागेतील नमाजही मकरूह मानली आहे. मालकाच्या इच्छेविरुद्ध राहणाऱ्याने तेथे मुसल्ला अंथरताना याचा विचार करावा.

आपला हक्क मागणे तक्वाविरुद्ध नाही. परंतु अन्यायाचे उत्तर अन्यायाने देता येत नाही. प्रथम मोहल्ल्यातील जाणत्यांसमोर लेखी समझोता करावा. न जमल्यास न्यायालयात जावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 जेथे लागू आहे, तेथे थकबाकीसाठी जागा रिकामी करून घेण्याचा दावा लेखी नोटिशीनंतर 90 दिवस गेल्याशिवाय करता येत नाही, आणि योग्य कारणाविना पाणी किंवा वीज तोडणे गुन्हा आहे. त्या घरातील तान्ह्या बाळाने तर तुमचे काहीच बुडविलेले नाही. भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा, असेही हाच कायदा सांगतो. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण कुरआनने सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत फार पूर्वीच दिली आहे.

शेवटी एक प्रश्न स्वतःसाठी. वडिलांच्या त्याच घरात बहिणींचाही वाटा आहे. त्यांच्या वाट्याचे भाडे त्यांना पोहोचते काय? पोहोचत नसेल, तर परक्याला घराबाहेर काढण्यास निघालेला भाऊ स्वतःच दुसऱ्याच्या हक्कावर बसलेला आहे. भाडेकरूला नोटीस पाठविण्यापूर्वी त्याने बहिणीचा हिशेब चुकता करावा.

अल्लाह आपणास हक्क मागताना संयम आणि हक्क देताना तत्परता देवो. आमीन.