मेंढराचे देणे

तुकोबारायांची पालखी काटेवाडीस आली म्हणजे धनगर आपली मेंढरे पालखीभोवती धाववतात. अश्वाच्या रिंगणाचे आपणा सर्वांस कौतुक. पण या गरीब जनावराचा आणि आपला संबंध काय, याचा विचार वारकरी मंडळींत फारसा होत नाही. तो आज करू.

मेंढरू मूळचे रानचे. इराण-तुर्कस्तानकडील डोंगराळ मुलखात सुमारे १०,००० वर्षांपूर्वी माणसाने त्याला जवळ केले. तेव्हा त्याच्या अंगावर राठ केस असत, खाली थोडी मऊ लव. आणि ऋतू पालटला की ती आपोआप झडे. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ती लव वाढविली, आणि झडण्याची सोय हळूहळू गेली. आता कातरणाऱ्याचा हात लागला नाही तर लोकरीच्या ओझ्याखाली ते हैराण होते. ते आपणहून परावलंबी झाले नाही, आम्ही माणसांनी केले. मग त्याचे आपण काय लागतो?

कोणी म्हणेल, आम्ही माळकरी, मांसाला शिवत नाही, आम्हांला हा प्रश्न कशाला? थांबा महाराज. दिवाळीनंतर धनगर कोकणाची वाट धरतो. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, बदल्यात धान्य देतो. त्या खतावर पिकलेली भाकर आपल्या ताटात येते. त्याच लोकरीचे घोंगडे सनगर विणतो, चिंचोक्याची खळ देतो, आणि आपण ते कीर्तनात खाली अंथरतो. कळपात नर मोजकेच ठेवतात; बाकीची कोकरे वाढली की खाटकाकडे जातात, त्यावरच धनगराची चूल पेटते. खत आपले, घोंगडे आपले, आणि पाप तेवढे धनगराचे, ही वाटणी आम्हांस मान्य नाही. (माळ काढून ठेवा, असे आम्ही म्हणत नाही बरे!)

आणखी एक. दख्खनी मेंढीची लोकर राठ. स्वस्त चादरी आल्या तसे तिचे गिऱ्हाईक तुटले. आज कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही निघत नाही, लोकर टाकून द्यावी लागते. लोकरीला मोल नाही, म्हणजे मेंढराला मोल उरले ते मांसाचेच. तेव्हा ज्याने घोंगडे घ्यायचे सोडले तोही या व्यवहारात आलाच, मग त्याच्या गळ्यात माळ का असेना.

घोंगडे भिजले की खांद्याला जड होते, हे खरे. प्लॅस्टिकचा कागद हलका, पैशालाही स्वस्त. पण त्याची ऊब मुक्कामाच्या रात्री कोणास लागली आहे? आषाढीस निघण्यापूर्वी एखाद्या सनगराचा माग अजून चालू आहे का, एवढे गावोगावच्या फडकऱ्यांनी विचारून पाहावे.